खाडीपलीकडची बोली

सकाळची कसाऱ्याहून येणारी लोकल खडवलीला थांबते, तेव्हा आसनगाव-वासिंदची गर्दी तिच्यात आधीच बसलेली असते. बायकांच्या डब्यात दाराजवळ एक तरुणी उभी आहे. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल, कानात इअरफोन, आणि ओठ अखंड हलतायत. शेजारच्या बाईंना जप चालला आहे असं वाटतं आणि त्या जरा सरकून तिला पाठ टेकायला जागा करून देतात. ती घोकत असते, ‘तेंगो, तिएनेस, तिएने’. माझ्याकडे आहे, तुझ्याकडे आहे, त्याच्याकडे आहे. टिटवाळ्यापर्यंत एक क्रियापद, कल्याणपर्यंत दुसरं.

कल्याण-डोंबिवली-ठाण्याच्या पट्ट्यात हे दृश्य आता नवलाचं राहिलेलं नाही. क्लासच्या पाट्यांवर जर्मन आणि जपानीच्या शेजारी स्पॅनिशही दिसते. कुणाला कंपनीतल्या बढतीसाठी हवी असते, कुणाला भाषांतराच्या कामासाठी. कुणी बार्सिलोनाच्या फुटबॉलवेडातून तिच्याकडे वळतो, तर कुणी एखादी मालिका सबटायटल न वाचता बघायची म्हणून. वीस देशांची ही राजभाषा. ५० कोटींच्या आसपास माणसं तिला मायबोली म्हणतात. स्पेन सरकारच्या इन्स्तितूतो सेर्वान्तेस या संस्थेचं केंद्र २००९ पासून दिल्लीत आहे. व्याकरण, पुस्तकं, परीक्षा, ऑनलाइन शिक्षक, सगळं हाताशी आहे.

नसतं ते एवढंच, की त्या भाषेत रोज काही काम पडावं. लोकलमध्ये पाठ केलेल्या क्रियापदांना दिवसभरात गिऱ्हाईक मिळत नाही. त्या भाषेत कुणी भाजीचा भाव सांगत नाही, कुणी ओरडत नाही, ‘आज उशीर का गं झाला?’ म्हणून विचारत नाही. म्हणून भाषा शिकणाऱ्यांच्या मनात एक जुनी इच्छा घर करून असते : एखाद्या लहानशा, जुन्या वळणाच्या, समुद्राकाठच्या गावी जाऊन काही महिने राहायचं. मोठ्या शहरात नाहीच. माद्रिदमध्ये किंवा बार्सिलोनात परदेशी माणूस अडखळला, की समोरचा माणूस सौजन्याने इंग्रजीवर येतो आणि शिकणं तिथेच संपतं. लहान गावात ही सोय कमी. तिथे मासळीवालीला इंग्रजी येत नाही आणि मासळी तर घ्यायचीच असते.

दक्षिण स्पेनमधलं कादिझ हे असंच समुद्रात घुसलेलं, अतिशय जुनं बंदर. तिथे जाणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले काही दिवस आपण भलतीच भाषा शिकून आलो असं वाटतं. त्या भागातली माणसं शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात आणि दोन स्वरांमधला ‘द’ही सोडून देतात. पुस्तकात मासळीला ‘पेस्कादो’ असतं. कादिझच्या गल्लीत तळलेल्या छोट्या मासळीला ‘पेस्काइतो’ म्हणतात. पुस्तकातलं अनेकवचन ज्या ‘स’वर उभं असतं, तो ‘स’च कानावर पडत नाही. एक मासा आहे की अनेक, हे बोलणाऱ्याच्या बोटांवरून, टोपलीवरून, मागच्यापुढच्या बोलण्यावरून ओळखायचं. असं ओळखता यायला लागलं, की भाषा वहीतून उठून अंगात येऊ लागते. गावात राहायचं ते यासाठी.

पण स्पेन खडवलीपासून फार लांब आहे, आणि खर्चाचंही आहे.

खडवलीची भातसा मात्र जवळ आहे. उन्हाळ्यात आजूबाजूच्या नद्या आटतात तेव्हाही ती वाहती असते, कारण मुंबईसाठी धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली पिसे बंधाऱ्यापर्यंत नेलं जातं. एप्रिल-मे महिन्यांत कल्याण-डोंबिवलीची पोरं रविवारी इथे डुंबायला येतात ती त्यामुळेच. मुंबईने उचलून जे पाणी उरतं ते पुढे उल्हासच्या प्रवाहाला मिळतं आणि वसईच्या खाडीतून समुद्राला जातं. या वाटेवर, खडवलीपासून खाली, एक आख्खं पोर्तुगीज जग होतं. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. साष्टी आणि ठाणंही त्यांच्याकडे आलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. मधली दोनशे वर्षं या खाडीच्या काठावर पोर्तुगीज बोलली गेली. त्यातही एक काळ असा, की १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच डोक्यावर होता. वसई, ठाणं, चौल इथल्या किल्लेदारांचा राजा त्या साठ वर्षांत बहुतेक काळ माद्रिदला बसत होता. शाळेच्या इतिहासात हे वाक्य सहसा येत नाही. ते कळलं, की कल्याणच्या खाडीकडे बघायची नजर जराशी बदलते.

पोर्तुगीज आणि स्पॅनिश या अगदी जवळच्या बहिणी. त्यांच्यापैकी एकीची लेक आजही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नांदते आहे.

अलिबागहून मुरूडच्या रस्त्याला लागलेली एसटी आधी चौलच्या वाड्यांमधून जाते. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, दगडी पाणंदी, भर दुपारीही डोळ्यांना गारवा. मग रेवदंडा. तटबंदीच्या आत नारळीच्या बागा आहेत आणि त्यांच्या वर पडक्या चर्चचा उंच मनोरा डोकं काढून उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात. तिथून कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, आणि डोंगराच्या कडेकडेने जाणारा रस्ता वळला की खाली कोर्लई दिसतं. कोळीवाड्यातली खेटून बसलेली घरं, काठावर ओढलेल्या होड्या, वाळत घातलेली मासळी, आणि समोर समुद्रात लांबवर शिरलेला एक चिंचोळा डोंगर. त्याच्या पाठीवर किल्ला आणि कुशीत दीपगृह. निजामशाहीने इथे बांधायला घेतलेला हा किल्ला सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला, म्हणजे नेमका त्या साठ वर्षांमध्ये. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आले. शिबंदी निघून गेली.

माणसं मात्र राहिली. शिबंदीच्या आधाराने वाढलेली, पोर्तुगीज शिपाई आणि इथल्या बायका यांच्या संसारांतून, चाकरीतल्या आणि धर्मांतरित कुटुंबांतून तयार झालेली एक छोटी ख्रिस्ती वस्ती कोर्लईत टिकली. त्यांच्या घरात जी बोली बोलली जाते तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बाहेरचे अभ्यासक तिला कोर्लई पोर्तुगीज किंवा क्रिस्ती म्हणतात. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. गावात माउंट कार्मेल माउलीचं चर्च आहे. या वस्तीचा पूर्वापार धंदा शेतीचा आणि भाजीपाल्याचा. वांगी, मुळा, पालेभाजी टोपलीत भरून रेवदंड्याच्या बाजाराला न्यायची. टोपली उतरवून गिऱ्हाइकाशी बोलायचं ते मराठीत, आणि शेजारी बसलेल्या जावेशी ‘नो लिंग’मध्ये. एका श्वासात दोन भाषा, आणि दोन्ही बिनचूक.

ही बोली जवळून ऐकली, तर स्पॅनिश शिकणाऱ्याला मधूनच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होईल. ‘मी’साठी इथे ‘यो’ म्हणतात. स्पॅनिशमध्येही ‘यो’च. पिण्याला ‘बेबे’, गाण्याला ‘काता’, उठण्याला ‘इर्गी’. क्रियापदांचे आ, ए आणि ई असे हे तीन गट पोर्तुगालहून आले. कोर्लईने त्यांत चौथा घातला, ‘ऊ’चा, आणि तो राखून ठेवला मराठीतून आलेल्या क्रियापदांसाठी. लोटणं या क्रियेला तिथे ‘लोटू’ म्हणतात. शिवाय क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं, अगदी मराठीसारखं. शब्द लिस्बनचे, बसण्याची रीत रायगड जिल्ह्याची. हे कुणी ठरवून केलेलं नाही. पावणेतीनशे वर्षं ज्या शेजारणीकडून विरजण मागून नेलं, तिच्या बोलण्याची चाल आपोआप उचलली गेली आहे.

चौलच्या बंदराला भाषांच्या अशा सरमिसळीची सवय पोर्तुगीजांच्याही आधीपासूनची. अफानासी निकितिन हा त्वेरचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथेच उतरला, आणि जुन्नर, बिदर असा आत गेला. त्याने लिहून ठेवलेल्या प्रवासवर्णनात रशियन चालता चालता मधेच फारसी-तुर्की-अरबीची खिचडी सुरू होते. काही मजकूर, काही प्रार्थनासुद्धा, त्याने त्या मिश्र भाषेत लिहिल्या आहेत. व्यापाऱ्यांच्या संगतीत राहताना जे कानावर पडत गेलं तेच लेखणीतून उतरलं. त्या काळी भाषा शिकायला वर्ग नव्हते. धक्का होता, सराई होती आणि बाजार होता.

मनात प्रश्न येतो तो ठाण्याचा. ठाणं, वसई, वांद्रे, साष्टीतली गावं इथेही अशीच पोर्तुगीज मिश्र बोली होती. सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो या गोव्याच्या धर्मगुरूने, जो संस्कृत आणि कोकणीचाही मोठा पंडित होता, १९०६ मध्ये ‘उत्तरेकडची’ म्हणून या बोलीचा अभ्यास छापला. पण तोपर्यंत तिचा काळ सरत आला होता. मुंबई वाढली, रेल्वे आली, इंग्रजी शिकलेल्याला कचेरीत आणि गोदीत नोकरी मिळू लागली. १८८७ मध्ये इथल्या ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं ते इंग्रजी अमदानीत आपली वेगळी ओळख नोंदवण्यासाठी. घरची मराठी बोली त्यांनी जपली, बाहेरसाठी इंग्रजी धरली, आणि पोर्तुगीज बोली मधल्या मध्ये विरली. ठाण्याला सगळं जग येऊन भेटलं. कोर्लईला जायचं तर खाडी ओलांडावी लागे. कुंडलिकेवरचा पूल १९८० च्या दशकातला. तोवर तरीतून पलीकडे जाणं हेच रोजचं. भाषा टिकण्यामागे अभिमान असतो, हे खरं. पण पुष्कळदा त्यामागे एक खाडीही असते.

मग वाटतं, गाव ज्या कारणाने भाषा राखतं त्याच कारणाने ते पाहुण्याला भाषा शिकवतंही. तिथे पर्याय कमी असतात. दुकान एक, विहीर एक, एसटी ठरलेल्या वेळची. त्याच चार माणसांशी रोज बोलायचं, काल चुकलेलं वाक्य आज पुन्हा म्हणायचं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या स्पॅनिश-पोर्तुगीज विभागातले भाषावैज्ञानिक क्लॅन्सी क्लेमेंट्स कोर्लईला आले, त्यांनी गावकऱ्यांचं बोलणं टिपलं, आणि १९९६ मध्ये या बोलीच्या जन्माचा आणि वाढीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्पॅनिश आणि पोर्तुगीजचा आयुष्यभराचा अभ्यासक रायगड जिल्ह्यातल्या कोळीवाड्याशेजारी बसून शेतकऱ्यांकडून शिकतो आहे, हे चित्र फार मोलाचं आहे. ‘नो लिंग’ला स्वतःचं पाठ्यपुस्तक नव्हतं. क्रियापदांचा चौथा गट सापडला तो माणसांच्या तोंडी.

मराठी माणसांपैकी स्पॅनिशचा संसार सगळ्यात मोठा मांडला तो बहुधा डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी. वर्ध्याचा हा क्रांतिकारक गदर चळवळीतून देशोदेशी भटकत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचला. चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी मक्यावर आणि गव्हावर संशोधन केलं, स्पॅनिशमध्ये शिकवलं, स्पॅनिशमध्ये लिहिलं, आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेती-शाळा काढल्या. तिथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मका जाणणारा. त्याच्याशी बियाण्याबद्दल बोलायचं तर कणसाच्या दाण्याचे, पानाच्या कडेचे, पहिल्या पावसाचे शब्द हवेत, आणि ते शेताच्या बांधावरच मिळतात. दिएगो रिव्हेराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रंगवलेल्या भित्तिचित्रात खानखोजे जेवणाच्या मेजाशी बसून भाकर मोडताना दिसतात. १९५५ मध्ये ते मायदेशी परतले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्याकडे त्यांचं नाव अजून फार थोड्यांना माहीत आहे, याचं वाईट वाटतं.

उलट दिशेचा प्रवास तर खडवलीच्याच रुळांवरून गेला. कल्याणहून निघालेली लांब पल्ल्याची गाडी खडवली न थांबता ओलांडते, कसाऱ्याचा घाट चढते आणि नाशिक करून मनमाडला पोचते. बार्सिलोनाचे विसेंते फेरर १९५२ मध्ये जेझुइट म्हणून मुंबईला उतरले आणि पुढे मनमाडला राहिले. दुष्काळी भागात शेतकऱ्यांकडून विहिरी खोदून घ्यायच्या, कामाच्या दिवसांत त्यांना गहू आणि तेल पुरवायचं, असं त्यांचं काम. स्पॅनिश-कातालान बोलत वाढलेला हा माणूस मराठी शिकला. विहिरीला पाणी किती हातांवर लागलं, कातळ कुठे आडवा आला, हे ज्या मराठीत बोललं जातं ती मराठी. १९६८ मध्ये त्यांना देश सोडायला सांगण्यात आलं, तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्यासाठी मनमाडहून मुंबईच्या वाटेला लागले. फेररना जावं लागलं, पण पुढे ते भारतात परतले आणि आंध्रातल्या अनंतपूरला त्यांनी पुन्हा आरंभ केला. तिथली भाषा तेलुगू. २००९ मध्ये गेले तेही तिथेच.

आता कोर्लईच्या खाडीवर पूल आहे. रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी काशीद-मुरूडकडे निघालेल्या गाड्यांची रांग असते, किल्ल्यावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, आणि तरुण पोरं कामासाठी मुंबईची वाट धरतात. शाळा मराठी, पुढच्या शिक्षणाला इंग्रजीची ओढ. ‘नो लिंग’ला लिपी नाही, वर्ग नाही, परीक्षा नाही. ती बोलली जाते तोवर आहे. मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या कोर्लईच्या पोराचं लग्न बाहेरच्या मुलीशी झालं, तर घरात कुठली भाषा राहील हे ज्याचं त्याने ठरवायचं आहे. त्याला वरून उपदेश करण्याचा अधिकार ठाण्या-कल्याणच्या माणसाला तरी नाही. आपल्या खाडीवरची तीच बोली आपण केव्हाच हरवली.

तरीही एखाद्या कल्याणकराने किंवा खडवलीकराने ठरवलं, की स्पेनला जाणं जमेल तेव्हा जमेल, तोवर स्पॅनिशची ही दूरची भाची तरी जवळून बघू, आणि पावसाळा सरल्यावर कोर्लईत खोली घेऊन राहिला, तर त्याला एक अडचण येईल. अमेरिकन अभ्यासकाला ती इतकी आली नसावी. कोर्लईत प्रत्येकाला मराठी येते, उत्तम येते. मराठी माणूस दारात उभा राहिला की सगळं घर त्याच्यासाठी मराठीवर येईल, माद्रिदचा दुकानदार इंग्रजीवर येतो तसं. चहा विचारतील मराठीत, चौकशी करतील मराठीत, आणि तो ‘यो’ म्हणून काही जुळवू लागला तर कौतुकाने ऐकून उत्तर पुन्हा मराठीतच देतील. त्याला मग पडवीच्या कडेला बसावं लागेल. भाजी निवडायला हात लावावा लागेल, माठाच्या जुड्या बांधाव्या लागतील, आणि सासू-सुना आपसांत बोलतात त्याकडे कान ठेवावा लागेल. कोण किती जुड्या घेऊन जाणार, कालचे पैसे कुणाकडे राहिले, रेवदंड्याची गाडी किती वाजता. घाईच्या वेळी पाहुण्याचं भान सुटतं आणि हातातलं काम पुढे ढकलताना कुणीतरी त्यालाही घरच्याच भाषेत हुकूम सोडून जातं. तो कळला, तर उठायचं आणि टोपली उचलायची.